गावाने शाळा चालवायची तर: अधिकारांच्या कागदापासून हिशेबाच्या फळ्यापर्यंत

उत्तर प्रदेशातल्या जौनपूर जिल्ह्यात २००५-०६ च्या सुमारास संशोधकांनी गावच्या शाळेवर देखरेख ठेवणाऱ्या ग्राम शिक्षण समित्यांच्या सदस्यांना गावोगाव गाठून विचारपूस केली. आपण या समितीवर आहोत हेच त्यांतल्या कित्येकांना ठाऊक नव्हते, आणि बहुतेक पालकांनी अशा समितीचे नावही ऐकले नव्हते. मग गावात सभा घेऊन समितीचे अधिकार लोकांना नीट समजावून सांगण्यात आले. शाळेत त्याने काही फरक पडला नाही. मात्र याच प्रयोगात काही गावांतल्या तरुणांना मुलांना वाचायला शिकवण्याची सोपी पद्धत शिकवली होती. त्यांनी घेतलेल्या वर्गांना जी मुले आली, ती वाचू लागली.

'सहभागी व्हा' असे सांगून लोक सहभागी होत नाहीत. हाताशी नेमके काम लागते आणि ते तडीस नेण्यापुरता अधिकार लागतो. शाळेची समिती उभी करून चालवण्याचा खालचा क्रम याच समजुतीवर बेतला आहे. तो पुरा करायला एक शैक्षणिक वर्ष धरा, त्याहून कमी वेळेत घाई करू नका.

अधिकारांचा कागद

समितीच्या निवडणुकीच्याही आधी एक कागद तयार करा. त्यावर तीन रकाने आखा: समिती स्वतः ठरवते, समितीला विचारून ठरते, समितीला फक्त कळवले जाते. शाळेची वेळ, किरकोळ दुरुस्ती, साहित्याची खरेदी, मुलांचे जेवण, शिक्षकांची रजा, नेमणूक, बदली, परीक्षा, पाठ्यपुस्तके ही प्रत्येक बाब यांपैकी एका रकान्यात बसवा. शंका असेल तिथे जवळच्या शिक्षण कार्यालयाकडून लेखी उत्तर मागवा. तोंडी उत्तर पुढच्या अधिकाऱ्याच्या काळात टिकत नाही.

या कागदाचा मजकूर देशागणिक बदलतो. भारतात २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचे कलम २१ शाळा व्यवस्थापन समितीवर तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला हव्यात असे सांगते. शाळेच्या कामावर लक्ष ठेवणे, विकास आराखडा बनवणे आणि अनुदानाच्या वापरावर देखरेख करणे ही तिची कामे. मध्य अमेरिकेतल्या एल साल्वादोर देशाची गोष्ट दुसऱ्या टोकाची. यादवी युद्धाच्या काळात सरकार पोहोचत नव्हते तिथल्या खेड्यांनी आपापल्या शाळा चालवल्या होत्या. त्याच पायावर १९९१ मध्ये 'एडुको' योजना आली. पालकांच्या निवडलेल्या मंडळाकडे सरकारचे पैसे येत आणि शिक्षकाला एक वर्षाच्या कराराने नेमणे, करार पुढे चालवणे किंवा थांबवणे हे मंडळच ठरवी. शिक्षक गैरहजर असल्याने बुडणारे मुलांचे दिवस त्या शाळांमध्ये कमी झाले. पण नोकरीची शाश्वती नसलेल्या शिक्षकांचा आणि त्यांच्या संघटनांचा विरोध कायम राहिला आणि २००९ नंतर आलेल्या सरकारने ती योजना गुंडाळली.

यातून आमचा सल्ला असा निघतो: निवड तुमच्या हातात असली तरी पहिल्या वर्षी शिक्षक काढण्याचा अधिकार मागू नका. पालकांना जे डोळ्यांनी दिसते आणि मोजता येते तेच आधी घ्या. शाळा किती वाजता उघडली, पैसे किती आले, नळाला पाणी आहे का, मूल परिच्छेद वाचते का, हे निरक्षर पालकही सांगू शकतो. गणित कसे शिकवावे हे ठरवण्याची जबाबदारी त्याच्यावर टाकली तर तो गप्प बसेल किंवा ज्याचा आवाज मोठा त्याच्या मागे जाईल.

निवडणुकीपूर्वीचे तीन आठवडे: खरे आकडे

समिती निवडून आल्यावर आकडे गोळा करायला बसलात तर पहिले दोन महिने त्यातच जातात. शिवाय आकडे कोणाच्या गैरसोयीचे निघाले तर ते नव्या समितीने मुद्दाम उकरून काढले असा आरोप होतो. म्हणून आधीच गोळा करा. तीन आकडे पुरतात.

पहिला, पट आणि प्रत्यक्ष डोकी. हजेरीपटावरची संख्या उतरवून घ्या. मग तीन आठवड्यांत वेगवेगळ्या वारी पाच वेळा वर्गात जाऊन मुले मोजा. जेवणाच्या सुट्टीच्या आसपास मोजू नका, त्या वेळी संख्या फुगलेली असते. दुसरा तास चालू असतानाची संख्या सगळ्यांत खरी. मुली आणि मुलगे वेगळे लिहा आणि वरच्या वर्गांकडे खास लक्ष द्या, गळती तिथेच दिसते.

दुसरा, शिक्षकांची हजेरी. बांगलादेश, इक्वेडोर, भारत, इंडोनेशिया, पेरू आणि युगांडा या सहा देशांतल्या शाळांना न कळवता भेटी देऊन केलेली पाहणी २००६ मध्ये प्रसिद्ध झाली. सरासरी १९ टक्के शिक्षक शाळेत नव्हते, भारतात २५ आणि युगांडात २७ टक्के. पण नुसती गैरहजेरी नोंदवून थांबू नका, समोर कारण लिहा: रजा, प्रशिक्षण, जनगणना-निवडणुकीसारखे सरकारी काम, पगारासाठी शहरात जाणे, आजारपण, काहीच कारण नाही. कारणांची यादी पाहिल्यावर पुष्कळदा कळते की दोष शिक्षकाचा नसून त्याला वर्गाबाहेर ओढणाऱ्या कार्यालयाचा आहे. मग तक्रारीचा पत्ताही बदलतो.

तिसरा, पैसा. येणे किती होते आणि आले किती? दर मुलामागे ठरलेला दर गुणिले पट, एवढाच हिशेब. दर ५० आणि पट १८० असेल तर ९,००० यायला हवेत. बँकेच्या पुस्तकात ६,२०० दिसत असतील तर उरलेले २,८०० कुठे अडले, हा समितीचा पहिला प्रश्न. युगांडात १९९१ ते १९९५ या काळात सरकारने पाठवलेल्या प्रतिविद्यार्थी अनुदानातला सरासरी अवघा १३ टक्के वाटा शाळांपर्यंत पोहोचत होता, बाकीचा मधल्या कार्यालयांत जिरत होता. मग जिल्ह्यांना दरमहा पाठवलेल्या रकमा वर्तमानपत्रांत छापायला आणि शाळेच्या भिंतीवर लावायला सुरुवात झाली. २००१ पर्यंत शाळांना ८० टक्क्यांहून अधिक पैसे मिळू लागले. ही सगळी सुधारणा वर्तमानपत्रांमुळेच झाली का यावर वाद आहे. पण किती यायला हवे हे माहीत असल्याशिवाय कमी आले असे कोणी म्हणू शकत नाही, एवढे त्यातून नक्की दिसते.

निवड

समिती मोडते ती बहुधा याच पायरीवर. मुख्याध्यापक ओळखीतली सात-आठ नावे लिहितात, गावप्रमुख दोन घालतो आणि सह्या घरपोच होतात. नायजर देशात २००४ पासून जपानच्या मदतीने चाललेल्या 'सर्वांसाठी शाळा' या उपक्रमाने नेमकी हीच रीत बदलली. गावाची सर्वसाधारण सभा आणि तिच्यात गुप्त मतदान. तहुआ भागात सुरू झालेली ही पद्धत नंतर देशभर गेली.

सभा अशी घ्या:

१. दिवस ठरवताना शेतीचा हंगाम, बाजाराचा वार आणि सण टाळा. सात दिवस आधी दवंडी किंवा ध्वनिक्षेपकावरून सांगा, आदल्या दिवशी पुन्हा सांगा. लेखी नोटीस मुलांच्या हाती द्या, पण तिच्यावरच विसंबू नका.

२. निम्म्या कुटुंबांतून एकेक माणूस तरी आल्याशिवाय मतदान सुरू करू नका. गणपूर्ती झाली नाही तर आठवडाभराने पुन्हा बोलवा. एकदा कमी माणसांत उरकले की ती सवय होते.

३. सुरुवातीलाच तीन आकडे मोठ्याने वाचा. कशासाठी माणसे निवडायची आहेत हे त्यानंतर लोकांना आपोआप कळते.

४. कायद्याने संख्या ठरवली नसेल तर ९ ते १३ सदस्य ठेवा. पंधराच्या पुढे कोणीच जबाबदार राहत नाही. वस्त्या विखुरलेल्या असतील तर वस्तीवार जागा वाटून घ्या. नाहीतर शाळेजवळच्या वस्तीचेच सगळे निवडून येतात आणि लांबून चालत येणाऱ्या मुलांबद्दल बोलायला कोणी उरत नाही.

५. मतदान गुप्तच घ्या. हात वर करायला लावले तर सावकार किंवा जमीनमालक समोर बसलेला असताना माणूस वेगळे मत देत नाही. अक्षरओळख नसलेल्यांसाठी प्रत्येक उमेदवाराला एक खूण द्या आणि आडोशाला प्रत्येकाच्या नावाचा डबा ठेवून त्यात खडा किंवा बी टाकायला सांगा. मोजणी सगळ्यांसमोर करा आणि आकडे लगेच फळ्यावर लिहा.

६. अध्यक्ष, सचिव आणि खजिनदार एका घरातले नकोत. मुख्याध्यापकांनी सचिव व्हावे, पण खजिनदार होऊ नये.

महिलांना निम्म्या जागा देऊन भागत नाही. सभा संध्याकाळी उशिरा असेल आणि लहान मुलांना सांभाळायला कोणी नसेल तर त्या येणार नाहीत, आणि आल्या तरी मागे बसतील. बायकांची स्वतंत्र बैठक आधी अर्धा तास घ्या आणि तिथले मुद्दे मुख्य सभेत पहिल्यांदा मांडायचे असा नियम करा. हा एक बदल बाकी कितीतरी भाषणांपेक्षा जास्त काम करतो.

निवडणूक चांगली झाली तरी समिती एकटी पडली तर तिचे ऐकतो कोण? इंडोनेशियात ५२० शाळांमध्ये चार उपाय तपासले गेले: समितीला पैसे, सदस्यांना प्रशिक्षण, सदस्यांची निवडणूक आणि ग्राम परिषदेशी जोडणी. नुसत्या पैशाचा आणि प्रशिक्षणाचा मुलांच्या शिकण्यावर फारसा परिणाम दिसला नाही. परिषदेशी जोडणी झाली तिथे फरक पडला, आणि निवडणुकीची जोड मिळाली तिथेही. म्हणून गावातल्या निवडून आलेल्या संस्थेचा एक प्रतिनिधी बैठकांना बसवा आणि दर तिमाहीला समितीने त्या संस्थेपुढे आपला आराखडा मांडावा, असा ठराव पहिल्याच महिन्यात करून घ्या.

बैठक आणि इतिवृत्त

महिन्यातून एक बैठक, ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी, दीड तास. यापेक्षा लांबली तर पुढच्या वेळी निम्मे येतात. मागच्या ठरावांचे काय झाले इथूनच सुरुवात करा. इतिवृत्तात प्रत्येक ठरावासमोर तीन गोष्टी हव्यात: काम, माणसाचे नाव, तारीख. 'छताच्या दुरुस्तीबाबत चर्चा झाली' हा ठराव नव्हे. छत कोण दाखवणार, दर कोणाकडून आणणार आणि कधीपर्यंत, हे लिहिले की तो ठराव. सह्यांसाठी वही घरोघर फिरू देऊ नका. जो बैठकीला आला त्याचीच सही, तीही उठण्यापूर्वी.

एका पानाचा आराखडा

वरून छापील तक्ता येतो, समिती तो भरते आणि कपाटात ठेवते. युगांडात शंभर शाळांवर झालेल्या प्रयोगात काही समित्यांना शाळेचे बाहेरून तयार केलेले गुणपत्रक दिले, तर काहींना शाळेत काय पाहायचे हे स्वतः ठरवून गुणपत्रक बनवायला सांगितले. तयार गुणपत्रकाने काही साधले नाही. जिथे समितीने गुणपत्रक स्वतः बनवले, त्या शाळांमध्ये मुलांचे गुण आणि हजेरी दोन्ही सुधारले. म्हणून कार्यालयाचा नमुना भरावा लागत असेल तर भरा, पण समितीचे स्वतःचे एक पान वेगळे ठेवा.

त्या पानावर वर्षाला तीनच कामे असावीत: एक इमारतीचे किंवा पाण्याचे, एक हजेरीचे, एक शिकण्याचे. सुरुवातीला उत्साहात चौदा कामे लिहिली जातात आणि सहा महिन्यांनी एकही झालेले नसते.

इमारतीचे काम निवडताना स्वच्छतागृहे आधी पाहा. जागतिक आरोग्य संघटनेचे प्रमाण २५ मुलींमागे एक स्वच्छतागृह, आणि ५० मुलग्यांमागे एक स्वच्छतागृह व एक मुतारी असे आहे. बांधणे त्या मानाने सोपे असते, पाणी आणि सफाई टिकवणे अवघड. बांधकामाच्या खर्चासोबत साबण, बादली आणि सफाईचा वर्षाचा खर्च लिहिलेला नसेल तर आराखडा मंजूर करू नका. दरवाजाला आतून कडी आहे का, हे मुलींनाच विचारा.

शिकण्याचे काम पालकांच्या आवाक्याबाहेरचे नाही. २००५ पासून भारतात 'असर' आणि पुढे पूर्व आफ्रिकेत 'उवेझो' या पाहण्यांनी गावातल्या स्वयंसेवकांकडूनच मुलांचे वाचन तपासून घेतले आहे. एका कागदावर काही अक्षरे, काही सोपे शब्द, चार वाक्यांचा परिच्छेद आणि थोडी मोठी गोष्ट. मुलाला परिच्छेदापासून सुरुवात करून द्या. जमला तर गोष्टीकडे न्या, नाही जमला तर शब्दांकडे, मग अक्षरांकडे. एका मुलाला पाच मिनिटे पुरतात. तिसरी ते पाचवीच्या प्रत्येक मुलाचे वाचन सत्राच्या सुरुवातीला आणि शेवटी तपासा. सभेत मुलांची नावे घेऊ नका, प्रत्येक पायरीवर किती मुले आहेत एवढेच सांगा. शिक्षकांनाही हे काम आधी दाखवून, त्यांच्या उपस्थितीतच करा. पाठीमागे घेतलेली चाचणी भांडण लावते.

पैसा

शाळेचे खाते शाळेच्या नावावर, सही दोघांची: मुख्याध्यापक आणि समितीने निवडलेला पालक. कोऱ्या धनादेशावर आगाऊ सही करायची नाही, हा नियम इतिवृत्तात लिहून ठेवा. 'मी नसेन तर काम अडेल' म्हणून सही दिली जाते आणि तिथूनच बिघाड सुरू होतो.

कीर्द एकच असावी. तारीख, कोणाला दिले, कशासाठी, पावती क्रमांक, जमा, खर्च आणि शिल्लक एवढे रकाने पुरेत. पावत्या क्रमांक टाकून त्याच क्रमाने दोऱ्यात ओवा. हातात रोख शिल्लक किती ठेवायची याची मर्यादा ठरवा. महिनाभराच्या किरकोळ खर्चापेक्षा ती जास्त नसावी. दर महिन्याला बैठकीत रोख मोजून कीर्दीशी ताडा, आणि बँकेच्या पुस्तकाशीही. ठरावीक रकमेच्या वरची खरेदी असेल तर तीन ठिकाणचे दर लेखी घ्या. माल आल्यावर खजिनदाराखेरीज आणखी दोन सदस्यांनी तो मोजून सही करावी. सिमेंटच्या चाळीस पोत्यांची पावती आणि छत्तीस पोती, हा फरक मोजल्याशिवाय सापडत नाही.

मग तो फळा. शाळेच्या बाहेरच्या भिंतीवर, रस्त्यावरून वाचता येईल असा, साधारण चार फूट बाय तीन फूट. त्यावर चार ओळी: या वर्षी यायला हवे, आजवर आले, खर्च झाले, शिल्लक. खाली शेवटच्या तीन मोठ्या खर्चांची नावे आणि रकमा. दर महिन्याच्या बैठकीनंतर बदलायचे. आतल्या खोलीत लावलेला फळा कोणी वाचत नाही, आणि ज्याची तारीख तीन महिने जुनी तो नसलेलाच बरा.

अनुदान उशिरा येते, ही जवळजवळ सगळीकडची अडचण. त्यामुळे आराखड्यातली कामे दोन गटांत विभागा: पैसे न येताही होणारी आणि पैसे आल्यावरच होणारी. पहिल्या गटात काहीच नसेल तर समिती अर्धे वर्ष नुसती वाट पाहत बसते.

शिक्षकांशी नाते

पालक पाळत ठेवायला आले असे शिक्षकांना वाटले तर पुढचे सगळे कागदी होते. आधी त्यांना विचारा, कोणती अडचण आम्ही सोडवू शकतो? राहायला खोली, कपाट, पोरांना वेळेवर पाठवणे, वरच्या कार्यालयाकडे पाठपुरावा. त्यातली एक गोष्ट महिन्याभरात करून दाखवा. हजेरीची गोष्ट नंतर काढा.

हजेरी पाहताना नजर एका माणसावर नको, नियमावर हवी. केनियात २००५ साली सुरू झालेल्या प्रयोगात शाळा समित्यांनी कंत्राटी शिक्षक नेमले. त्यांना नेहमीच्या शिक्षकाच्या पगाराच्या चौथ्या हिश्शाच्या आसपास मानधन होते. मदतीला हात मिळाल्यावर नेहमीच्या शिक्षकांची वर्गातली हजेरी घटली आणि काही ठिकाणी नातेवाइकांनाच नेमले गेले. पण ज्या समित्यांना थोडे प्रशिक्षण दिले होते, म्हणजे ठरावीक पालकांनी शिक्षक वर्गात आहे का ते पाहायचे आणि कामाचा औपचारिक आढावा घ्यायचा, तिथे हे दोष कमी झाले. म्हणून दर आठवड्याला दोन पालकांची पाळी लावा. त्यांनी शाळेत जायचे, वर्ग चालू आहेत का एवढेच वहीत नोंदवायचे, वर्गात शिरून टोकायचे नाही. महिनाअखेर मुख्याध्यापकांसोबत ती वही वाचायची. तक्रार करायची झाली तर आधी त्या शिक्षकाशी, मग मुख्याध्यापकांशी, आणि तिथेही मार्ग निघाला नाही तर ठरावाने कार्यालयाकडे.

समिती मानधनावर कोणाला नेमणार असेल तर जाहिरात, पात्रता आणि मुलाखतीचे गुण लेखी ठेवा. ज्याचा नातेवाईक उमेदवार आहे त्या सदस्याने त्या दिवशी बाहेर बसावे.

वर्गणी आणि श्रमदान

इथे फार सांभाळून. मलावीत १९९४, युगांडात १९९७ आणि केनियात २००३ साली प्राथमिक शाळांची फी उठली आणि मुलांची रीघ लागली. घराला फी किती जड होती, हे त्यावरून कळते. तेव्हा समितीची वर्गणी मागच्या दाराने फी होता कामा नये. ती ऐच्छिकच असावी, न देणाऱ्यांची यादी लागू नये आणि कोणत्याही मुलाला वर्गाबाहेर काढले जाऊ नये. हे तिन्ही ठरावात लिहा.

श्रम किंवा साहित्य देण्याची सोय ठेवा: वाळू, बांबू, एक दिवसाचे काम. त्याची किंमत त्या भागातल्या रोजंदारीने धरून कीर्दीत वेगळ्या पानावर नोंदवा. पंधरा माणसांनी दोन दिवस काम केले तर ते तीस दिवसांच्या मजुरीइतके योगदान झाले. ते फळ्यावर लिहिले की ज्याच्याकडे पैसे नाहीत त्याचाही वाटा गावाला दिसतो. रोजगार बुडवून पुन्हा पुन्हा श्रमदानाला बोलावू नका. सर्वांत गरीब घरेच त्यात सर्वाधिक भरडली जातात.

कुठे आधार लागतो

गांबियात शाळा व्यवस्थापनाचे सविस्तर प्रशिक्षण आणि अनुदान देणारा कार्यक्रम तपासला गेला. शिक्षकांची आणि मुलांची गैरहजेरी घटली, पण शिकण्यातला फरक प्रौढ साक्षरता पुरेशी होती अशाच भागांत दिसला. त्यामुळे सदस्यांपैकी निम्म्यांना लिहिता-वाचता येत नसेल तर एक दिवसाच्या शिबिराने भागणार नाही. पहिले सहा महिने दर बैठकीला बाहेरचा एक माणूस बसवा. तो कीर्द भरायला शिकवील, स्वतः भरणार नाही. चित्रांचे तक्ते वापरा, आकडे मोठ्याने वाचा, आणि गावातल्या शिकलेल्या मुलीला किंवा मुलाला सहायक सचिव करा.

मुदत संपताना

मूल शाळा सोडून गेले की पालकाचे सदस्यत्व संपते, त्यामुळे दर वर्षी काही जागा रिकाम्या होतात. सगळी समिती एकदम बदलू नका. दर वर्षी तृतीयांश जागांची निवड घ्या. जुन्या खजिनदाराने नव्याला दप्तर सोपवताना यादी करा: कीर्द, पावत्यांचे गठ्ठे, बँकेचे पुस्तक, इतिवृत्त, साठ्याची नोंदवही, अधिकारांचा कागद, वाचन तपासणीचे तक्ते, किल्ल्या. प्रत्येक वस्तूसमोर दोघांच्या सह्या घ्या, रोख रक्कम तिथल्या तिथे मोजा आणि बँकेतली सही त्याच आठवड्यात बदला.